आखर : वर्ग ई

जागेचे नाव (किमान आठ अक्षरे)

आखर.

तीन अक्षरं. पोर्टल म्हणालं, कमी पडतात. म्हणून नाजिशनं मागच्या वर्षी त्या रकान्यात 'गावाजवळचे आखर' असं भरलं, आणि तेव्हापासून सरकारदरबारी त्या जागेचं तेच नाव पडलं. खैरपेठेत असं कोणी म्हणत नाही. इथं आखर एकच. सकाळी गावातली ढोरं जिथं गोळा होतात, गुराखी जिथून त्यांना घेऊन निघतो आणि भर दुपारी म्हशी जिथं चिखलात बसून राहतात, ते आखर. गावाच्या खालच्या अंगाला चौदा एकर खोलगट जमीन. पावसाळ्यात अर्ध्या गावाचं पाणी तिथं उतरतं, दिवाळीपर्यंत घोटाभर उभं राहतं, मग सावकाश जिरतं. लव्हाळा, पवन्या गवत, कडेनं बाभळी. आणि बगळे इतके, की लांबून पाहणाऱ्याला वाटावं कुणी धुणं वाळत घातलंय.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मनकर्णाबाईचा फोन आला. मनकर्णाबाई म्हणजे दोन म्हशी, अकरा बकऱ्या, आणि आखराला लागून असलेलं शेवटचं घर.

"नाजिश, आखरात टिपर येऊन राह्यले वं."

"कायचे टिपर?"

"मुरमाचे. दोन खाली झाले. तिसरा उभा हाय. मी मधात उभी राह्यली म्हनून थांबला. लवकर ये, माह्ये पाय दुखून राह्यले."

नाजिश अठ्ठावीस वर्षांची. पत्र्याच्या धान्यकोठ्या बनवणाऱ्या युनूसभाईंची थोरली, भूगोलात एम. ए., आणि खैरपेठ नगरपंचायतीत कंत्राटावर 'सर्वेक्षक तथा डेटा ऑपरेटर'. यातल्या 'तथा'चा अर्थ एवढाच की दोन माणसांचं काम एक माणूस करतो. तिनं स्कूटी काढली, ओढणी डोक्यावरून घट्ट बांधली आणि चार मिनिटांत आखर गाठलं.

लाल मुरमाचे दोन ढीग लव्हाळ्यात बसले होते. टिपरवाल्यानं मोबाइलवर कामाच्या आदेशाचा फोटो दाखवला. घनकचरा प्रक्रिया केंद्र. टप्पा एक, जागेचे सपाटीकरण. स्थळ : गावाजवळचे आखर.

"हे नाव कोनं ठेवलं?" मनकर्णाबाईनं विचारलं.

नाजिशनं तो फोटो आपल्या मोबाइलवर मागून घेतला.


वर्ग (एक निवडा)

अ
ब
क
ड
ई

इथं थोडं थांबायला हवं, कारण जे काही घडलं ते याच रकान्यात घडलं.

झालं असं, की 'शाश्वत नगर' नावाची एक योजना आली. छोट्या गावांची वाढ कुठल्या दिशेनं व्हावी, कुठली जागा राखावी, कुठल्या जागेवर बांधावं, हे कुण्या पुढाऱ्याच्या मर्जीवर न सोडता माहितीच्या आधारे ठरवायचं. नाजिशला ही कल्पना मनापासून आवडली होती. तिच्याकडे माहिती होती. दोन वर्षं ती खैरपेठेतल्या एक्केचाळीस विहिरींत दर महिन्याला वजन बांधलेली फीत सोडून पाणी मोजत होती. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. त्या मोजमापातून एक गोष्ट लख्ख दिसत होती. आखराच्या खालच्या सतरा विहिरींना मे महिन्यातही पाणी असतं, आणि उरलेल्या चोवीसपैकी एकोणीस कोरड्या पडतात. आखर पाणी पितं आणि खाली विहिरींना पाजतं. एवढं साधं.

मग पोर्टल आलं. मोबाइल घेऊन प्रत्येक मोकळ्या जागेवर जायचं, रकाने भरायचे. गावाच्या हद्दीत सरकारी मोकळ्या जागा सहा. सहाही नाजिशनं पायी फिरून भरल्या. आणि 'वर्ग' या रकान्यापाशी आल्यावर तिला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. कारण तिथं 'ई' होतं.

वऱ्हाडात शेंबडं पोरसुद्धा सांगेल, ई क्लास म्हणजे काय. जी जमीन कोणाच्या सातबाऱ्यावर नाही, जी सरकारची म्हणून सगळ्यांची आहे, जिथं ढोरं चरतात, ती ई क्लास. जुन्या वर्गवारीतून उरलेलं नाव. पटवाऱ्याच्या कागदातही तेच आणि म्हाताऱ्यांच्या तोंडातही तेच. "बकऱ्या कुठं गेल्या?" "ई क्लासात." पुण्याच्या माणसांनी हा शब्द लक्षात ठेवून आपल्यासाठी रकान्यात घातला, असं नाजिशला वाटलं. तिला त्या अनोळखी माणसांबद्दल आपुलकीच वाटली.

तिनं सहाही जागांना 'ई' दाबलं.

जिल्ह्यातल्या बाकीच्या सर्वेक्षकांनीही, कारंज्यापासून रिसोडपर्यंत, तेच दाबलं. दोनशे बारा जागा. दोनशे बारा 'ई'.

पोर्टलच्या भाषेत 'अ' म्हणजे निसर्गाच्या दृष्टीनं अत्यंत मोलाची जागा. आणि 'ई' म्हणजे

पण हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. माहिती-पुस्तिका सर्वेक्षण संपल्यावर सात आठवड्यांनी आली, सेहेचाळीस पानांची. ते वाक्य एकतिसाव्या पानावर होतं, आणि तिनं ते टिपर आल्यावरच पहिल्यांदा वाचलं.


कार्यालयाचे म्हणणे

शेषरावभाऊ नगरपंचायतीतले मोठे बाबू. तीस वर्षांत त्यांनी अकरा मुख्याधिकारी पाहिले होते आणि एकाशीही भांडले नव्हते. ते खुर्चीत बसत नसत, तिला रेलून असत.

"भाऊ, आखरावर कचऱ्याचं केंद्र?"

"हो."

"कोणी ठरवलं?"

"तुमीच ठरवलं ना बाई." त्यांनी खिडकीतून बाहेर बोट केलं. फाटकाशी नवा फ्लेक्स लागला होता. खैरपेठेचा नकाशा. हिरवे, पिवळे, लाल ठिपके. खाली ठळक अक्षरांत 'आपले नगर, आपली माहिती, आपला निर्णय'. आखर लालभडक. "तुमची माहिती, त्याहीचा नकाशा. याच्यात मी कुठं हाव का? साहेब कुठं हाय का? पह्यले लोक आमाले शिव्या देत होते, आता कम्प्युटरले देतात. मले तं हे लय बरं वाटून राह्यलं."

"पण भाऊ, मी ई म्हणजे ई क्लास म्हणून लिहिलं."

"मंग? बरोबर लिहिलं. ई क्लासच हाय ते."

"त्यांनी त्याचा अर्थ भलताच लावला."

शेषरावभाऊ पहिल्यांदा जरा पुढं वाकले. त्यांनी विचार केला. मग ते इतके हसले की चपराशी आत डोकावून गेला. "म्हंजे शाळेतल्यासारखं? अ पास, ई नापास? आन् आपुन अख्ख्या जिल्ह्याच्या ई क्लासले..." त्यांना पुढचं बोलवेना. डोळे पुसून ते म्हणाले, "बाई, हे कोनाले सांगू नका. लोक हसतीन."

"लोक हसोत. टिपर थांबवा."

"टिपर आदेशानं चालते. आदेश यादीवरून निंघाला. यादी पोर्टलवरून. पोर्टल पुन्याहून. पुन्याले फोन लावा."


तक्रार क्र. ११४०७

उत्तर, बुधवार : आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे.
उत्तर, शुक्रवार : आपली तक्रार योग्य विभागाकडे पाठवण्यात आली आहे.
उत्तर, सोमवार : आपण तक्रारीचा विषय 'नकाशातील रंग' असा निवडला आहे. रंग योग्य आहे.
(विषयांच्या यादीत 'शब्दाचा अर्थ' नव्हता.)
उत्तर, बुधवार : आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. आपण समाधानी आहात का? होय / नंतर सांगेन.

आतापर्यंतचे टिपर, बुधवारी : चार.
शुक्रवारी : नऊ.
सोमवारी : चौदा.
बुधवारी : एकोणीस.


शेरा (कमाल २५० अक्षरे)

महोदय, वऱ्हाडात ई क्लास म्हणजे सरकारी चराऊ जमीन. जागेची गुणवत्ता नव्हे. आखरात पावसाचे पाणी जिरते व त्यामुळे खालच्या १७ विहिरींना मे महिन्यातही पाणी असते. मोजमाप दोन वर्षांचे असून सोबत जोडले आहे. येथे मुरूम टाकल्यास पाणी जिरणार नाही व साधारण तीनशे घरांना उन्हा

नाही. पुन्हा.

महोदय, ई म्हणजे ई नव्हे.

हेही नाही.


दूरध्वनी

नवव्या दिवशी खऱ्याखुऱ्या माणसाचा आवाज लागला. ऋजुता नाव. पुण्यात नकाशे बनवणाऱ्या संस्थेत ती खैरपेठेसह तेरा गावांचं काम पाहत होती. आवाज तरुण, थकलेला, सभ्य.

"नाजिशताई, तुमचं म्हणणं माझ्या लक्षात आलंय. खूप इंटरेस्टिंग आहे. आम्हाला वाशीमचा डेटा इतका स्वच्छ कसा, असं वाटलंच होतं. बाकीच्या जिल्ह्यांत सगळे वर्ग मिसळलेले. तुमच्याकडे मोकळी जागा म्हटली की ई. आमच्या सरांनी तर एका परिसंवादात स्लाइड दाखवली, इतका सुस्पष्ट पॅटर्न म्हणून."

"तो पॅटर्न नाहीये. ते नाव आहे."

"हो, हो. कळतंय."

"मग बदला."

"मी बदलू शकत नाही ना. यादी गोठवलीय."

"विहिरींचे आकडे मी जोडले होते. ते तरी कुणी पाहिले का?"

पलीकडे कळफलकाचा आवाज. "आहेत इथे. अगदी छान काम आहे, ताई, मनापासून सांगते. पण ते 'ऐच्छिक माहिती'त गेलंय. ऐच्छिक माहितीला भार शून्य आहे."

"आणि वर्गाला?"

"चाळीस टक्के."

दोन वर्षं, एक्केचाळीस विहिरी, तिच्या तळव्यांवर फितीचे वळ. शून्य. एक अक्षर, अंगठ्याचा एक ठोका. चाळीस.

ऋजुतानं कळफलकावर आणखी काहीतरी शोधलं. "एक करता येईल," ती म्हणाली. "स्थानिक व्यक्तीची व्हिडिओ साक्ष. जागेचा प्रत्यक्ष वापर काय आहे, तेवढं कॅमेऱ्यासमोर सांगायचं. त्यानं गुण वाढू शकतात. जागेचा वापर करणारं कोणी आहे का तुमच्याकडे?"

नाजिशला हसू आलं. आहे का!


साक्ष

मनकर्णाबाईनं नवं लुगडं नेसलं. कुंकू मोठं लावलं. नाजिशनं फोन बाभळीच्या बेचक्यात बसवला, मागं आखर येईल असा. लव्हाळा हलत होता, सात-आठ बगळे, आणि डाव्या कोपऱ्यात मुरूम. पडद्यावर ऋजुता आली, कानाला हेडफोन लावलेली.

"नमस्कार आजी. या जागेवर काय काय आहे, ते तुमच्या शब्दांत सांगाल का?"

"नमस्कार," मनकर्णाबाई म्हणाली. तिनं पदर सावरला. मग आवाज एकदम खाली आणून, तहसीलसमोर उभं राहिल्यासारखी म्हणाली, "काई नाई बाई तिथं."

नाजिशनं फोनच्या मागून हात हलवले.

"काहीच नाही?"

"काई नाई. नुसतं गवत हाय."

"गुरं चरतात का इथे कोणाची?"

"छे वं! कोन चारते? आमी तं इकडं फिरकत बी नाई."

नेमकी त्याच वेळी तिची म्हैस, जी अर्धी चिखलात होती, लांबलचक हंबरली.

"तो आवाज कसला होता?"

"दुसऱ्या गावची अशीन," मनकर्णाबाई म्हणाली. "चुकून आली."

ऋजुतानं काहीतरी टिपून घेतलं. धन्यवाद दिले. पडदा काळा झाला.

नाजिशनं फोन काढून घेतला. "माय, हे काय केलं तुमी? काहून असं सांगितलं?"

"आता मी काय केलं?" मनकर्णाबाई खरंच गोंधळली होती. "सरकारनं ई क्लासाचं इचारलं की नाईच म्हनाव लागते. हो म्हनलं की नोटीस येते. माह्या सासऱ्यानं एकदा हो म्हनलं होतं, त्याचा गोठा मोडला. तवापासून आमच्या घरात कोनी हो नाई म्हनलं."

"पण या येळी हो म्हणायचं होतं ना!"

"मंग पह्यले नाई का सांगाव?" ती चिडली. "मले वाटलं तू बाईले फसवून राह्यली, तं मी बी साथ देली."

नाजिश ढिगावर बसली. मुरूम तिच्याखाली घसरला. सांगायचं राहून गेलं होतं, हे खरं. गेल्या वर्षी प्रत्येक जागेवर जाऊन तिनं लोकांना विचारलं होतं, इथं काय आहे? आणि सहाच्या सहा जागी लोक म्हणाले होते, काही नाही. तिनं ते ऐकून सोडून दिलं होतं, कारण तिला ठाऊक होतं की लोक खोटं बोलताहेत, आणि का बोलताहेत तेही ठाऊक होतं. पण 'वापर' या रकान्यात तिनं लिहिलं काय? जे लोक बोलले तेच. त्यांना नोटीस येऊ नये म्हणून.

टिपर : सव्वीस.


दुरुस्ती

शेषरावभाऊंनी तिला स्वतःहून बोलावलं. टेबलावर कागद होता.

"मी काल पुस्तिका वाचली," ते म्हणाले, जणू हे सांगताना लाज वाटत होती. "बेचाळिसावं पान. यादी गोठवल्यावर दुरुस्ती एकाच कारनानं होते. सर्वेक्षकाची चूक. तुमी लिहून द्याचं का माही चूक झाली. मंग वर्ग बदलते."

नाजिशनं कागद उचलला.

मी, ________, सर्वेक्षक क्रमांक ________, असे लिहून देतो/देते की स्थळ क्रमांक ________ चा वर्ग माझ्या अज्ञानामुळे / निष्काळजीपणामुळे चुकीचा नोंदवला गेला. (लागू नसेल ते खोडावे.) यापुढे माझा सर्वेक्षक क्रमांक कायमचा रद्द होईल याची मला जाणीव आहे.

"दोन्ही खोडलं तर?"

"दोन्ही खोडता नाई येत. मीबी तेच पाह्यलं."

"आणि क्रमांक रद्द म्हणजे नोकरी गेली."

"कंत्राट त्या क्रमांकावरच हाय." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "बाई, मी तुमाले लिहा म्हनत नाई. लिहू नका बी म्हनत नाई. मी तीस वर्सांत स्वतःची चूक म्हनून एक कागद नाई लिहिला, झाली असली तरी. तुमची तं झाली बी नाई."

कागदावर स्थळ क्रमांकाची जागा एकच होती. नाजिशनं ते पाहिलं. तिथूनच तिनं ऋजुताला फोन लावला.

"बाकीच्या पाच जागांचं काय? त्यांनाही मीच ई दिलंय."

"एका कागदावर एकच स्थळ, ताई. आणि कागद दिला की तुमचा क्रमांक बंद. म्हणजे एकच." ऋजुता थांबली. "पण त्या पाच जागांवर कुठलाच आदेश नाहीये. पुढच्या फेरीत सगळ्यांचे वर्ग आम्ही नव्यानं तपासू. मी स्वतः टिपण लिहिलंय तसं."

"पुढची फेरी कधी?"

"नियोजन चालू आहे."

नाजिश कागद घेऊन घरी गेली.

युनूसभाई दारातच बसून कोठीच्या तळाच्या सांध्याला कथलाचा डाग देत होते. त्यांनी कागद हात न लावता, मान वाकडी करून वाचला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"तुनं चूक केली का?"

"नाही अब्बा."

"मंग कायले लिहून देते?"

"नाहीतर आखर जाते."

त्यांनी डाग पुरा केला. फुंकर घातली. आतून अम्मी, अन्वरी, विचारत होती की काय झालं, काय झालं, आणि दोघांपैकी कोणी सांगत नव्हतं.

"माह्या कोठीतून दाना सांडला तं मी मानतो," युनूसभाई म्हणाले. "पन लोकायनं कोठी उलटी ठेवली आन् मी म्हनू का माही चूक? हे मले पटत नाई. बिल्कुल पटत नाई." त्यांनी कोठी फिरवून दुसरा सांधा पाहिला. मग, "निष्काळजी नको ठेवू. निष्काळजी म्हनलं का बापाच्या कामावर येते. अज्ञान ठेव. अज्ञान तं समद्याचंच हाय, त्याच्यात काय एवढं."

नाजिशनं 'निष्काळजीपणामुळे' वर रेघ मारली. तिनं इतक्या जोरानं मारली की कागद फाटला, आणि दुसऱ्या दिवशी शेषरावभाऊंकडून नवा घेऊन पुन्हा, या वेळी हळू, मारावी लागली.


निकाल

स्थळ : गावाजवळचे आखर. जुना वर्ग ई. नवा वर्ग अ.
जुने गुण तेवीस. नवे गुण एकसष्ट.
स्थिती : संवर्धनयोग्य.

गुरुवारी टिपर आले नाहीत. शुक्रवारीही नाही. एकतीसवर थांबले. दीड एकर लाल झालं होतं, ते तसंच राहिलं. मुरूम उचलायचा आदेश कुठल्याच पानावर नव्हता. पण उरलेल्या साडेबारा एकरांत लव्हाळा होता आणि म्हशी होत्या, आणि मनकर्णाबाईनं डबाभर खरवस पाठवला. सोबत निरोप : पुढच्या येळी आधी सांगत जा, काय म्हनाचं ते.

नाजिशनं तो खरवस उभ्यानंच खाल्ला. दोन दिवस ती बरी होती. हिंडली. कोणी 'नोकरी गेली का वं?' विचारलं तर 'गेली' म्हणून सरळ सांगितलं.

सोमवारी ती कार्यालयात आपलं सामान आणायला गेली. एक बाटली, एक फीत, विहिरींच्या तीन वह्या. शेषरावभाऊ खुर्चीत बसले होते. रेललेले नव्हते, बसलेले होते.

"बाई, यादी नवी आली."

"कसली?"

"केंद्राची. जागा तं लागतेच ना. आखर वर गेलं. मंग खालून दुसरं जे व्हतं, ते आता पह्यलं." त्यांनी कागद तिच्याकडे वळवला. नुसता वळवला, सरकवला नाही.

क्रमांक एक : तांड्याखालचे कुरण. वर्ग ई. गुण सव्वीस. वापर : काही नाही.

अक्षरन्‌अक्षर तिचं होतं.

"हे पुढच्या फेरीत तपासणार होते."

"हे पुढची फेरीच हाय," शेषरावभाऊ म्हणाले. "तुमच्या दुरुस्तीनं फिरली. कम्प्युटर म्हनते, एक आकडा बदलला का समदी बेरीज नव्यानं कराव लागते."

तिनं ऋजुताला तिथूनच फोन लावला. ऋजुता सुट्टीवर होती. तिनं पोर्टल उघडलं. सर्वेक्षक क्रमांक टाकला.

हा क्रमांक अस्तित्वात नाही.

पुन्हा टाकला.

हा क्रमांक अस्तित्वात नाही.

"भाऊ, तुमच्या नावानं तक्रार टाका."

"मी सर्वेक्षक नाई बाई."

"साहेबांच्या?"

"साहेबबी नाई. खैरपेठेत सर्वेक्षक एकच व्हता."

तिला ओरडावंसं वाटलं. कोणावर ओरडायचं, ते कळेना. शेषरावभाऊंनी तर तिच्यासाठी बेचाळिसाव्या पानापर्यंत वाचलं होतं.


वापरकर्ता

बंजाऱ्यांचा तांडा गावाच्या वरच्या अंगाला, तलावाच्या भिंतीखाली. चाळीस घरं. खाली उताराला कुरण, आखराहून लहान, नऊ एकरच, पण गवत कमरेइतकं. भिंतीतून पाझरणारं पाणी तिथं अडतं. नाजिशच्या वहीत तांड्याच्या विहिरी नव्हत्या. तिकडच्या बाजूला ती कधी फीत घेऊन गेलीच नव्हती. लांब पडायचं.

सेवालालच्या घरासमोर निंबाखाली खाट होती. सेवालाल म्हणजे तांड्याचा नाईक, पासष्टीचा, मिशी काळी केलेली. तिला पाहून तो उठला.

"ये बेटी. युनूसभाईची ना तू? मागच्या वर्षी मोबाइल घेऊन आलती. मीच तुले कुरण दाखवलं."

"हो."

"आन् मी तुले सांगतलं का इथं काई नाई," तो हसला. "आमच्या शेळ्या तवा बाभळीमांगं लपवल्या होत्या."

नाजिश बसली नाही. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं. ई म्हणजे काय आणि पोर्टलवर ई म्हणजे काय. आखर कसं यादीत आलं. कसं निघालं. तांड्याचं कुरण दुसरं होतं, ते पहिलं कसं झालं. ती सांगत गेली तसं तिच्या लक्षात आलं की मधून कुठलंही एक वाक्य काढलं तर गोष्ट समजत नाही, आणि एकही वाक्य असं नाही जे तिच्या बाजूनं आहे.

सेवालालनं मधे एकदाही तोडलं नाही. बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिला त्यानं हातानंच चहा ठेव म्हणून सांगितलं.

"म्हंजे तुनं कागद लिहून देला आन् तुमचं आखर वाचलं," तो म्हणाला.

"हो."

"मंग आमचा बी लिहून दे."

"एकच देता येतो. माझा नंबर बंद झाला."

"मंग कोनाचा चालू हाय?"

"कोणाचाच नाही."

तो खाटेच्या कडेवर टेकला. उताराकडे पाहत राहिला. गवत पिवळं पडलं होतं, त्यात दोन पोरी मोळी बांधत होत्या. त्यानं पुढचा प्रश्न विचारला तेव्हा त्यात राग नव्हता, हे वाईट होतं. तो खरंच समजून घेत होता.

"दोन्ही जागा तुलेच ठाऊक होत्या. कागद एकच होता. मंग तुनं आखर लिहिलं, कुरण नाई लिहिलं. दोन्हीत फरक काय निंघाला?"

सांगता आलं असतं. चौदा एकर आणि नऊ एकर. सतरा विहिरी. तीनशे घरं आणि चाळीस घरं. आखरावर टिपर येऊन गेले होते, इथं तेव्हा कुठलाच आदेश नव्हता. यातलं प्रत्येक कारण खरं होतं आणि प्रत्येकाला काही ना काही भार देता आला असता.

"मी तिकडं राहते," नाजिश म्हणाली.

सेवालालनं मान हलवली. मग वाकून खाटेखालून चप्पल ओढल्या, एक सापडली, दुसरी सापडेना. बायको आतून म्हणाली, चहा झाला. तो म्हणाला, ठेव झाकून.

"कुठं निघाले काका?"

"टिपर कोन्या रस्त्यानं येतीन, ते पाहून घेतो," तो म्हणाला. "तू चाल. पानी मोजाचं कसं ते आमच्या पोरीयले दाखव. कोनी पाह्यलं नाई पाह्यलं, आकडा तं पाह्यजे आपल्यापाशी."

"त्याला भार नाही, काका. शून्य आहे."

"असू दे," सेवालाल म्हणाला, आणि एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत राहिला.